एकही चूक नाही

सकाळी सहाच्या बातम्या संपल्या की ड्यूटी रूममधला फोन वाजायचा, आणि तो कुणाचा हे कुणाला विचारावं लागायचं नाही. ताई हेडफोनने विस्कटलेले केस सारखे करत स्टुडिओतून बाहेर यायच्या, फोन उचलायच्या, आणि पलीकडून त्यांचे वडील, म्हणजे नाना, 'हॅलो'बिलो काही न म्हणता आजची चूक सांगायचे. "तिसऱ्या बातमीत श्वास भलत्या जागी घेतलास." "हवामान उरकून टाकलंस. लोक छत्री घ्यायची की नाही ते त्यावरून ठरवतात." सांगून झालं की फोन खाली, लेकीने तोंड उघडायच्या आत. ताई आता निवृत्तीला टेकलेल्या. अख्खं शहर त्यांच्या आवाजाने जागं व्हायचं. पण नानांच्या लेखी त्या अजून उमेदवारीच करत होत्या.

नानांना तो अधिकार होता म्हणा. उभा जन्म त्यांनी रेल्वे स्टेशनवर माइकसमोर काढलेला. गाडी चार तास उशिरा येणार हेसुद्धा ते असं सांगायचे, की भांडायला उठलेली माणसं पुन्हा पिशवीवर डोकं ठेवून आडवी व्हायची. तरुणपणी त्यांच्या एका सोबत्याने मात्र फलाटाच्या टोकाला जरासा धूर बघितला आणि तो माइकवर किंचाळला. झालं. सगळा फलाट एकाच जिन्याकडे धावला. त्या जिन्यावर काय झालं ते नानांनी घरात कधी नीट सांगितलं नाही. "धुराने कुणी गेलं नाही, आवाजाने गेले," एवढंच म्हणायचे. लेक रेडिओवर लागली तेव्हा तिला पेढीवर बसवल्यासारखं समोर बसवून त्यांनी बजावलं, आपण घाबरलो की ऐकणारा मरतो, हे डोक्यात पक्कं बसव.

आणि ताईंनी ते किती पक्कं बसवावं? खळ घातलेला कपडा अंगावर घालायच्या नाहीत, सळसळतो म्हणून. मनगटावरचं घड्याळ दाराबाहेर काढून ठेवायच्या. प्रत्येक कागदावर श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारायच्या, आणि वाचून झालेला कागद असा सरकवायच्या की माइकलासुद्धा पत्ता लागू नये. लढाया झाल्या, दंगली झाल्या, सरकारं कोसळली. बाईंच्या नाकावरची माशी हलली नाही. "उद्या जगबुडी झाली तरी या बाई सांगतील आणि आपण म्हणू, बरं, चहा तर पिऊन घेऊ," असं लोक कौतुकाने म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे बिचारे. पण एका सकाळी ती चेष्टा गळ्याशी आली.

त्या पहाटे ताई आल्या तेव्हा वृत्तसंपादक फोन कानाला लावून उभे होते. त्यांना पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणायचे, कारण कुठलंही वाक्य त्यांच्या हाताखालून आखूड झाल्याशिवाय सुटत नसे. कात्रींचा चेहरा उतरला होता. वरच्या धरणाचा एक दरवाजा रात्रीतून निखळला होता आणि पाणी शहराच्या वाटेला लागलं होतं. नियंत्रण कक्षाने फोनवर सांगितलेला मजकूर त्यांनी ताईंच्या हातात ठेवला. 'नदीच्या पातळीत वाढ होण्याची शक्यता असून खबरदारीचा उपाय म्हणून सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'

सखल भाग म्हणजे नदीकाठची खालची आळी. नाना तिथेच राहत होते, एकटे. 'वर माझ्याकडे चला' म्हणून ताईंनी शंभरदा विनवलं असेल. "एका घरात राहिलो तर तुझ्या चुका मला ऐकू येणार नाहीत," हे ठरलेलं उत्तर. मजकूर बघून ताई आधी फोनकडे वळल्या. पण लाल दिवा लागला, आणि मग सवयीने आपलं काम केलं. आवाज नेहमीच्याच जागी लागला. श्वास बरोबर रेघेवर पडला. धरणाच्या बातमीनंतर त्यांनी खेळाची बातमी वाचली, मग हवामान वाचलं. आकाश निरभ्र राहील, म्हणाल्या. ते खरंच निरभ्र होतं, खिडकीबाहेर ढगाचा ठिपका नव्हता.

बाहेर येऊन बसतात तोवर फोन वाजला.

"आज एकही चूक नाही," नाना म्हणाले.

ताईंना आधी काही उमगेचना. सगळ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. कित्येक वर्षं तर त्या मनातल्या मनात या एका वाक्यासाठी वाचत आल्या होत्या. आणि आज ते कानावर पडलं तेव्हा त्याचा आनंद होईना, कारण नाना घरूनच बोलत होते.

"नाना! तुम्ही अजून घरात कसे? निघा आधी!"

"निघू की. आंघोळ उरकतो, मग बघतो. 'शक्यता' म्हणालीस ना तू?" स्वारी खुशीत होती, म्हणूनच फोन लगेच आपटला नव्हता. "धरणाच्या बातमीला काय वाचलंस! एक शब्द हलला नाही. खेळाची बातमी चालू होती तेवढ्यात शेजारची सगळी दारात आली, वहिनी, तिची सासू, तो कोपऱ्यावरचा शिंपी. काय करायचं नाना, म्हणून. मी म्हटलं, तिचा आवाज ऐकलात ना? तसं काही असतं तर मला पहिल्या शब्दाला कळलं असतं. गेली आपापल्या घरी चहा टाकायला."

"अहो नाना, पाणी येतंय! खरंच येतंय. माझ्या गळ्याची शपथ, तुम्ही—"

"हे तू लेक म्हणून बोलतेस," नाना समजुतीने म्हणाले. "लेकीचा जीव घाबरायचाच. बातमी वाचताना घाबरली नाहीस, त्यावर माझा विश्वास. उगाच ओरडू नकोस, घसा बसेल. सातच्या बातम्या आहेत तुला." आणि फोन खाली.

ताईंनी उलट फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, एंगेज्ड. आळीत धड चालणारा फोन तेवढा एकच. कुणीतरी गावात फोन करून विचारत असणार, खरंच काही आहे का हो म्हणून. उठून धावत सुटावं असं ताईंना वाटलं. पण शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, पायी नाहीतर रिक्षाने, पोचेपर्यंत सात वाजून गेले असते. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

तेवढ्यात पुलावर पाठवलेल्या वार्ताहराचा फोन आला. पुलाजवळच्या दुकानातून बोलत होता, आणि वैतागला होता. "कुणी ढिम्म हलत नाहीये हो. माणसं अंगणात दात घासतायत. एकाला म्हटलं, बाबा रे, निघ, तर मला म्हणतो, बाई इतक्या निवांत सांगत होत्या, तुम्हीच कशाला घाई करता?"

ताईंनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांना स्वतःचीच चीड आली, अशी की कानशिलं तापली. बसवलेला, घासलेला, शहराने डोक्यावर घेतलेला तो आवाज आत्ता या घटकेला माणसांना घरात धरून ठेवत होता. त्यांच्या बापाला धरून ठेवत होता. आणि बाप बसला होता म्हणून आळी बसली होती.

मग तिसरा फोन आला. धरणावरचा अभियंता होता. नियंत्रण कक्षाचा फोन लागेना म्हणून त्याने इथे लावला होता, आणि त्याचा आवाज थरथरत होता. "बाई, शेजारचा दरवाजा वाकलाय. माझ्या डोळ्यांसमोर वाकतोय. तो गेला की खालची आळी छपरापर्यंत जाईल. आठच्या आत. तुम्ही सांगा कुणालातरी, माझं कुणी ऐकत नाहीये."

ताईंनी कात्रींच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि सगळं सांगितलं. कात्री ऐकताना पेन्सिल बोटात फिरवत राहिले.

"कक्षाकडून दुजोरा आल्याशिवाय 'छपरापर्यंत' हा शब्द मी जाऊ देणार नाही, ताई."

"दुजोरा पाण्यातून पोहत येईल तुमचा."

"असं बोलू नका. मला काय आनंद होतोय का?" कात्रींचा आवाज चढला. "आळीतून बाहेर पडायला लोकांना एकच रस्ता माहीत आहे, पुलाचा. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर अडकतात त्यावर. तुम्ही घाबरवलंत आणि सगळे एकदम पुलावर गेले तर? तुमच्या नानांची ती जिन्याची गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत मला, वीसदा. आहे ना आठवण?"

आठवण कशी नसेल? लहानपणापासून त्या जिन्याच्या भीतीवरच तर त्या वाढल्या होत्या. कात्रींचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडत होतं. शांत सांगावं तर माणसं बुडणार, ओरडून सांगावं तर चेंगरणार. भिंतीवरचं घड्याळ सातकडे सरकत होतं, आणि कात्रींनी नवा कागद पुढे केला. फारसं काही बदललं नव्हतं. 'शक्यता'च्या जागी 'दाट शक्यता' आलं होतं.

"हेच वाचा. कागदाबाहेर एक शब्द नाही," कात्री म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मलाही झोप लागणार नाहीये आज, ताई."

ताई आत जाऊन बसल्या. काचेपलीकडे तंत्रज्ञ होता, त्याला सगळे बटणराव म्हणायचे. त्याच्या मागे कात्री उभे, हाताची घडी घालून. ताईंनी पेन्सिल उचलली आणि कागदावर रेघा मारायला घेतल्या. पहिली रेघ मारली, दुसरीला हात थांबला. ही रेघ मारली की श्वास नीट पडणार. श्वास नीट पडला की नाना मान डोलावणार, आणि मान डोलावून साबण शोधायला लागणार. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

लाल दिवा लागला.

"सकाळचे सात वाजले आहेत. ठळक बातम्या," ताई म्हणाल्या, आणि थांबल्या.

शहराने हे कधी ऐकलं नव्हतं. दाढी करणाऱ्यांचे हात थांबले असतील, दूध उतू गेलं असेल कुठे कुठे. रेडिओ बिघडला म्हणून कुणी त्याच्यावर थाप मारली असेल. ताईंच्या हातातला कागद थरथरत होता आणि त्याची सळसळ माइकमधून सगळ्या घरांत चालली होती. त्यांनी तो कागद टेबलावर पालथा टाकला.

"नाना," त्या म्हणाल्या. "नाना, मी बोलतेय. ही बातमी नाही. मी बोलतेय."

काचेपलीकडे कात्रींची हाताची घडी सुटली.

"मघाशी वाचलं ते विसरा. ते मी चुकीचं वाचलं. शब्द बरोबर होते, वाचलं चुकीचं. धरणाचा दुसरा दरवाजा जातोय, तिथला माणूस आत्ता माझ्याशी बोललाय, आवाज कापत होता त्याचा. खालच्या आळीत छपरापर्यंत पाणी येणार आहे. आठच्या आत. आभाळाकडे बघू नका, आभाळात काही नाहीये, पाणी धरणातून येतंय."

हेडफोनमध्ये कात्रींचा आवाज आला, "ताई, कागद! कागदावर या!" ताईंनी हेडफोन काढून टाकला.

"पुलाकडे जाऊ नका. कुणीही जाऊ नका पुलाकडे, चेंगराल. शिंप्याच्या दुकानामागून पाण्याच्या टाकीच्या टेकडीला पायऱ्या आहेत, लहानपणी आम्ही खेळायला चढायचो त्या, आता मुलांनाच ठाऊक असतील, तिकडून वर चढा. नाना, तुम्ही फलाट रिकामा करायचात ना, तसंच करा. आधी म्हातारी माणसं आणि लेकरं. पायऱ्यांच्या डाव्या अंगाने, एकामागे एक. तुमचा आवाज लागेल तिथे, नाना. तुमच्याशिवाय ऐकणार नाहीत ती कुणाचं. तुम्ही बसलात म्हणून बसलीयेत सगळी." इथे घसा दाटला. त्यांनी तो खाकरून साफ केला नाही, तसाच राहू दिला. "मी घाबरलेय, नाना. खूप घाबरलेय. माझे हात थांबत नाहीयेत. उठा ना हो. आंघोळ राहू द्या. उठा!"

काचेपलीकडे कात्री पुढे वाकले आणि बटणरावांना म्हणाले, "तोड. प्रक्षेपण तोड, संगीत लाव."

बटणरावांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "बटण अडकलंय, साहेब."

"कुठलं?"

"सगळीच."

कात्रींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काचेतून आत. हात पुढे केला असता तर बटण त्यांच्या बोटाच्या अंतरावर होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मटकन खाली बसले. आत ताई तेच पुन्हा सांगत होत्या, पायऱ्या, डावं अंग, पूल नको, मध्येच 'नाना', पुन्हा पायऱ्या. शब्दाला शब्द लागत नव्हता. बातम्यांची वेळ संपली, पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली, तरी त्या सांगतच राहिल्या, आणि आवाज अगदी फुटला तेव्हा बटणरावांनी हळूच संगीत वर आणलं.

त्यानंतर काही करण्यासारखं उरलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं. ताई ड्यूटी रूममध्ये फोनसमोर बसल्या. कात्रींनी पाण्याचा पेला आणून ठेवला, तो तसाच राहिला. नानांचा नंबर आता नुसताच वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. म्हणजे नाना उठले? की मोरीत आहेत आणि वाजतोय ते ऐकूच जात नाहीये? तीच घंटा एकदा आशेची वाटायची, एकदा जीव घेणारी. मग मधेच ती घंटाही बंद झाली. फोनमध्ये नुसती खरखर उरली.

"तारा गेल्या," बटणराव दारातून म्हणाले आणि आपण हे का बोललो असं त्यांना झालं.

वार्ताहराचा फोन आला तो आठच्या सुमाराला, आणि त्याच्याने बोलवत नव्हतं. पाणी आलं होतं. गढूळ, घरांपेक्षा उंच, आणि आवाज करत. आळी दिसत नव्हती. शिंप्याच्या दुकानाची पाटी तेवढी वरून वाहत जाताना त्याने बघितली होती. पूल रिकामा होता, पुलावर कुणी आलंच नाही.

"कुणीच नाही?" ताईंनी विचारलं.

"कुणीच नाही हो."

पूल रिकामा. याचे अर्थ दोनच होते, आणि दुसरा अर्थ ताईंना मनात आणवेना. त्यांना तो जिना दिसत होता, कधीही न बघितलेला, आणि जिन्याच्या जागी टेकडीच्या पायऱ्या दिसत होत्या. लोकांना आपण उठवलं की ढकललं? ताईंनी तोंडात पदराचा बोळा धरला. कात्री ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, एवढंच केलं त्यांनी.

फोन वाजला तेव्हा दोघंही दचकले. ताईंनी उचलला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, पोरांचा गलका होता, आणि कुणीतरी 'हॅलो'बिलो काही न म्हणता एकच शब्द बोललं.

"चुकलीस."

ताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"ऐकू येतंय का? टाकीच्या चौकीदाराचा फोन आहे हा, जास्त बोलता यायचं नाही. चुकलीस म्हणतोय."

"कुठे?" ताई कशाबशा म्हणाल्या. गालांवरून पाणी ओघळून रिसीव्हरवर उतरत होतं.

"सगळीकडे! श्वासाला जागा नाही, शब्दाला आकार नाही, एकच वाक्य चारदा. कागद वाजवलास. माइकवर रडलीस." नानांना धाप लागली होती, ते थांबले. "मी साबण घेऊन उभा होतो. पहिलं 'नाना' ऐकलं आणि म्हटलं, ही वाचत नाहीये. ही माझी लेक आहे. म्हणजे पाणी येतंय."

"सगळे..."

"सगळे वर आहेत. डाव्या अंगाने, एकामागे एक. वहिनीने सासूला पाठीवर आणलं. त्या शिंप्याला मी दोनदा दटावलं, मशीन घ्यायला मागे पळत होता गाढव. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेवटचा मी आलो." मग नानांचा आवाज जरा खाली आला. तो असा खाली आलेला ताईंनी कधी ऐकला नव्हता. "घर गेलं गं. बघितलं मी जाताना. मी सगळ्यांना घरी बसवलं होतं, माहीत आहे? तुझं वाचन ऐकून. छाती फुगवून बसवलं होतं."

"नाना, वाचलं मी होतं."

"शिकवलं कुणी होतं?"

पलीकडे कुणीतरी लेकराला ओरडत होतं. भिंतीवरचं घड्याळ नवाकडे चाललं होतं, आणि कात्रींनी हातातला नवा मजकूर न कापता, जसाच्या तसा, ताईंसमोर सरकवला. नवाच्या बातम्या द्यायच्या होत्या. पाणी अजून पुढच्या गावांकडे जात होतं.

"जा आता, वेळ झाली तुझी," नाना म्हणाले.

"ऐकाल ना?"

"कशावर ऐकू? रेडिओ खाली राहिला." नानांनी नाक ओढलं. "आजपासून तुझ्या चुका तूच मोज, बाळा. आणि मला सांगू नकोस."

फोन त्यांनी लगेच ठेवला नाही. ताई आधी 'ठेवते' म्हणाल्या, मग त्यांनी ठेवला. ताईंनी डोळे पुसले, कागद उचलला आणि पेन्सिल टेबलावरच ठेवून त्या आत गेल्या.